गळवाल्यांची बोट : खांदेरीचं खडप आणि मनोरीची खाडी

बोट ठरवताना

सांगलीहून मुंबईच्या समुद्रात गळ टाकायला जायचं ठरलं आणि फोनाफोनी माझ्याकडे आली. पहिल्या दोघातिघा बोटवाल्यांचे प्रश्न ठरलेले: माणसं किती, वाढदिवस आहे का, साउंड सिस्टीम लागेल का. एकाने तर "मॅडम, मासा हमखास. नाहीच लागला तर धक्क्यावरून आणून देऊ" असंही सांगून टाकलं. मागच्या हिवाळ्यात अशाच एका बोटीवर आम्ही चढलो होतो. नांगर पडायच्या आधी गाणी सुरू झाली, रॉड टेकवायला जागा नव्हती, आणि अख्खी सकाळ एकाच ठिकाणी डुलत ठेवून "आज मासा नाय" म्हणून परत आणून सोडलं.

कफ परेडच्या मच्छीमारनगरातल्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) मात्र भाव सांगायच्या आधी मलाच धारेवर धरलं. गळ टाकायला येतो कोणाकोणाला? बोट लागते का कुणाला? मासा घरी न्यायचाय का नुसता धरून बघायचाय? बायामाणसं किती? मी सांगितलेली तारीख तर त्यांनी सरळ उडवून लावली. "पुनवेला नका येऊ. उधानाचं पानी, सगला गडूल. अष्टमीला या, भांगाला."

माझा शोध तिथे संपला. बोट ठरवताना आपण काय विचारायचं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. माझ्या मते तांडेल आपल्याला काय विचारतो, ते ऐकावं.

मंडळी अशी. भावजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. यांना मासा हवा तो पेटीत, बर्फात, आणि निघण्यापूर्वीच गल्लीत चार घरी सांगून झालेलं. त्यांचा मुलगा, माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, त्याला एकच पण दांडगा मासा हवा आणि त्याचा व्हिडिओ हवा. आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक. कट्टर शाकाहारी, पण कृष्णाकाठी गळ टाकण्यात हयात गेली. मासा ओढायचा, न्याहाळायचा आणि सोडून द्यायचा. आणि मी. वडिलांनी औदुंबरच्या डोहावर मरळ धरायला शिकवलं तेव्हापासून मला पाण्याकडे बघत बसायची सवय आहे. बोटीवर मला काय हवं होतं, तर एक गप्प कोपरा आणि एक बरी मोरी.

भाव इथे लिहीत नाही, डिझेलबरोबर तो हलतो. पण भाव बोटीचा असतो, माणशी नसतो, हे आधीच समजून घ्या. त्यात डिझेल, बर्फ, आमिष आणि जेवण धरलंय का, वारा वाढून लवकर परतावं लागलं तर काय, आणि मासा कोणाचा, एवढं फोनवरच बोलून घ्यावं. शेवटच्या प्रश्नावरून बोटीवर भांडणं होतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा कुणी "नेतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या. आमच्यासारख्यांना जानेवारी बरा.

शुक्रवार : कोळीवाड्यात

गाडीने दुपारी पोचलो. मच्छीमारनगर म्हणजे एका अंगाला उंच टॉवर आणि त्यांच्या सावलीत ओढून ठेवलेल्या होड्या. तांडेलकाका ओट्यावर जाळ्याची फाटकी कड शिवत बसले होते. हातातलं काम न थांबवता त्यांनी आम्हाला रांगेत बसवलं आणि आमचे रॉड मागितले.

भाच्याचा नवाकोरा रॉड त्यांनी वाकवून पाहिला, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटण्यावरचा आळा, हाताने ओढून पाहिला आणि एक शब्द न बोलता घट्ट करून परत दिला. काकांची नजर दुसरीकडे वळल्यावर भाच्याने तो परत सैल केला, हे मी पाहिलं. सरांच्या पेटीत जुने गळ होते, प्रत्येकाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. काकांनी एक गळ बोटावर घेतला आणि विचारलं, "सोडायचा म्हनून?" सर हो म्हणाले. "मग मासा निसटंल तुमचा." सर म्हणाले, "निसटला तर त्याचं नशीब." काका हसले. त्या दोघांचं तिथेच जमलं.

मग मासा कोणाचा, हा विषय निघाला. काकांचा नियम सोपा होता: ज्याच्या गळाला लागला, त्याचा शब्द. नेऊ म्हणाला तर बर्फात, सोडू म्हणाला तर पाण्यात, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. भावजींनी सगळ्यात आधी मान डोलावली. त्यांना वाटलं, सरांच्या गळाला लागणार काय.

भरतीचं गणितही तिथेच ऐकलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता मुंबईला भरती पूर्ण. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी भरलेलं, बाराच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, मग परत भरती चढायला लागणार. थोडं मागेपुढे होतं, मोबाइलवर तक्ते मिळतात, ते बघावेतच. पण काकांनी मोबाइल न काढता अख्ख्या आठवड्याच्या भरत्या बोटांवर मोजून दाखवल्या. भांगाला पाण्याची चढउतार कमी, त्यामुळे ओढ कमी, गाळ कमी ढवळतो. मुंबईजवळ आधीच पाणी चहाच्या रंगाचं. त्यात उधाण असेल तर माशाला आमिष दिसणार कसं?

घरातल्या आजी दारात बसून हे सगळं ऐकत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाय, तू पन जातंस दर्यावर? मी उभ्या जल्मात धक्क्याच्या फुडं नाय गेले. आमी म्हावरं इकायचं." मग आतून सुनेला हाक मारून म्हणाल्या, "बाईमानूस हाय बोटीवर, पडदा लावाया सांग त्याला." केबिनच्या मागे प्लायवूडचा आडोसा, बादली आणि पाण्याचा कॅन, एवढी सोय आधीच होती. रात्री त्यावर जाड पडदाही लागला. हे मुद्दाम लिहितेय, कारण बायका गळ टाकायला का येत नाहीत यावर पुरुषमंडळी बोटीवर बरीच चर्चा करतात. उत्तर बऱ्याचदा पडद्याइतकं साधं असतं. साठीच्या पुढच्या सरांनीही तो पडदा बघून सुटकेचा श्वास टाकला.

जेवायला तळलेले ओले बोंबील, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. सरांसाठी वालाचं बिरडं, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने. कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर मी सहज बोलून गेले होते तेवढंच.

शनिवार : प्राँग्सला वळसा घालून

पहाटे साडेपाचला निघालो. आधी काकांनी सगळ्यांची नावं आणि आधार क्रमांक वहीत लिहिले, लाईफजॅकेटं चढवून घेतली आणि प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. भाचा कुरकुरला, गळ टाकताना अडचण होते म्हणून. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेजवळ फेरीबोटीला झालेल्या टकरीची आठवण काकांनी एका वाक्यात दिली, त्यावर तो परत बोलला नाही.

अंधारात मतलई वारा अंगाला झोंबत होता. मुंबईला थंडी नसते म्हणणाऱ्याने जानेवारीत पहाटे उघड्या बोटीवर बसावं. विंडचीटर आणि कानटोपी घ्याच. मागे मरीन ड्राइव्हचे दिवे, समोर प्राँग्सच्या दीपगृहाची उघडझाप. ससून डॉक आणि हे दीपगृह, दोन्ही 1875 सालची. दीपगृहाभोवती खडक पसरलेत, त्यामुळे काकांनी लांबून वळसा घेतला. कुलाब्याच्या टोकाला नौदलाची हद्द, त्याही अंगाला जायचं नाही. थोड्या वेळाने गस्तीची बोट आलीच जवळ. वही बघितली, "गळवाले काय?" म्हणून विचारलं आणि गेली.

उजाडल्यावर लूर सोडले. बोट माणूस धावेल इतक्या चालीने न्यायची आणि मागे खोटा मासा पाण्याखालून ओढत ठेवायचा. चौघांना चार दोऱ्या सोडायच्या होत्या, काकांनी दोनच सोडू दिल्या. वळताना दोऱ्या एकमेकींत गुंतल्या की अर्धा तास त्यातच जातो. शिवाय वाटेत डोल जाळ्यांचे बोये, म्हणजे जाळी कुठे आहे ते दाखवणारे तरंगते गोळे. प्रत्येक बोया काका दुरून ओळखत होते आणि कोणत्या गावचा तेही सांगत होते. दुसऱ्याच्या जाळ्यात आपला लूर अडकणं ही या पाण्यात मोठी नाचक्की.

पहिला दणका भाच्याच्या रॉडला बसला. रॉड कमानीसारखा वाकला, भाचा ओरडला, भावजींनी मोबाइल काढला. पाचेक मिनिटांच्या झटापटीनंतर वर आली ती भलीमोठी प्लास्टिकची गोणपिशवी, आत चिखल भरलेला. खलाशी म्हणाला, "हा मुंबईचा मासा. बंदी नाय ह्याला."

आठच्या सुमाराला मागे वळून पाहिलं तर शहर नव्हतं. जानेवारीचं धुरकट असं दाट की टॉवर, डोंगर सगळं पुसलेलं. थोड्या वेळाने समोर खांदेरीची टेकडी आणि तिच्यावरचं दीपगृह वर आलं. 1867 चं दीपगृह. त्याच्या खालचा किल्ला शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रज व सिद्दी दोघेही चवताळून उठले. या बेटावरून मुंबई बंदराच्या तोंडावर नजर राहते, ते बोटीतून येताना जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. शेजारी उंदेरी, सिद्दीने लगेच पुढे बळकावलेली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरी आहे, हे सरांनी सांगितलं. काकांनी टोपी काढून बेटावरच्या वेताळाला हात जोडले. त्यांच्या लेखी बेट वेताळाचं.

आता खरं काम. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, मासा असतो, पण खडपावर नांगर टाकून बसलं तर एक तर नांगर अडकतो, नाहीतर मासा पाच मिनिटांत शहाणा होतो. काका बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेत, इंजिन बंद करत आणि बोटीला पाण्याबरोबर खडपावरून वाहू देत. सगळ्यांनी एकाच बाजूने गळ सोडायचे, शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं. खडप संपलं की काका "उचला!" म्हणत, इंजिन चालू करत, वळसा घेऊन परत पहिल्या जागी. सकाळभर हेच. डिझेल जातं, कंटाळा येतो, म्हणून बरेच बोटवाले हे करत नाहीत. गळवाला पैसे मोजतो ते याच्यासाठी.

आमिषाला जिवंत कोळंबी होती. तिला शेपटीजवळून गळ घालायचा, डोक्यातला काळा ठिपका टाळायचा, म्हणजे ती पाण्यात पाय मारत राहते. शिवाय माकुलाच्या (स्क्विडच्या) पट्ट्या. त्या चिवट, लहान मासे कुरतडून पळवू शकत नाहीत.

पहिल्यांदा लागले ते शिंगाळे. यांच्या पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी. हाताने धरायचं नाही, खलाशाला पक्कड घेऊन येऊ द्यायचं. काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टर गाठायचा. म्हणून थर्मासमध्ये चहाशिवाय नुसतं गरम पाणीही असावं.

मग मला ढोमा लागला. वीतभराहून थोडा मोठा, चंदेरी, पोटाकडे पिवळसर झाक. गळ काढायला मुठीत धरला तर गुरगुरायला लागला. आवाज कानाला कमी आणि तळव्याला जास्त कळत होता. मुठीत बारीक थरथर, थांबून परत थरथर. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हा आवाज काढतात. घोळ याच जातकुळीतला. त्याची ती पिशवी, कोळ्यांच्या भाषेत भोत, सोन्याच्या मोलाने विकली जाते. काकांनी लगेच 2021 ची गोष्ट काढली: पालघरकडच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेच्या वर घोळ सापडले आणि लिलावात सव्वा कोटीच्या पुढे गेले. भावजींनी ढोम्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

एक लहान हेकरू आला. बोटीच्या कडेला काकांनी मोजपट्टी चिकटवलेली, त्यावर धरला आणि भावजींना काही कळायच्या आत पाण्यात. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींची किमान लांबी ठरवून दिलीय, पापलेटची 135 मिलिमीटर, पण काकांची पट्टी त्याआधीपासूनची असावी, आकडे पुसत आलेले. पापलेट गळाला लागतो का, असं भाच्याने विचारलं. नाही. तो बारीक तरंगते जीव खाऊन जगतो, जाळ्यातच येतो. त्याच वर्षी राज्यमासा झाला, म्हणून गळाला लागेल असं नाही.

इंजिन बंद असलं की बोट लाटेला आडवी होते आणि डुलते. भाचा हळूहळू गप्प होत गेला, मग कडेला वाकला. काकांनी सगळ्यांना विचारलं, "अर्धा घंटा देता का पोराला?" आणि बोट उंदेरीच्या आडोशाला, स्थिर पाण्यात नेऊन ठेवली. आल्याचा तुकडा चघळायला दिला, डिझेलच्या धुरापासून लांब बसवलं, नजर बेटावर ठेवायला सांगितली. ज्यांना बोट लागते त्यांनी अवोमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर उपयोग नाही. आणि उपाशीपोटी येऊ नये.

भाचा उठला आणि दुसऱ्याच फेरीत त्याचा रॉड खाली गेला. या वेळी पिशवी नव्हती. रीळ किरकिरलं, दोर सुटत गेला. काका ओरडले, "सोडू नको, वर उचल! घरात जाईल तो!" हेकरू गळाला लागला की पहिल्या क्षणी खडपातल्या आपल्या बिळाकडे सुसाट जातो, हातभर दोर मिळाला की संपलं. ड्रॅग सैल होता. दोर खडकाला घासल्याची खरखर हाताला लागली असावी, कारण भाच्याचा चेहरा आधी पडला आणि मग दोर तुटला. काकांनी आदल्या संध्याकाळचं काही काढलं नाही. ड्रॅग पुन्हा घट्ट केला, नवा गळ बांधून दिला आणि म्हणाले, "जागा बघून ठेवली मी. तो तिथंच राहतो." माझ्या पाहण्यात शिकवणारे पुष्कळ आहेत, अशा वेळी तोंड मिटून घेणारा विरळा.

बाराला पाणी थांबलं आणि मासाही थांबला. खलाशाने स्टोव्ह पेटवला. तेलात ठेचलेला लसूण, हळद, दोन चमचे कोळी मसाला, चिंचेचा कोळ, पाणी, आणि उकळी फुटल्यावर सकाळचे ढोमे. नारळ नाही, कांदा नाही. दहा मिनिटांत कालवण. डब्यातल्या भाकरीबरोबर वाटी तोंडाला लावून प्यायलो. सरांना बटाट्याची भाजी, आणि कालवणाच्या वासाने डोळ्यांत आलेलं पाणी, जे त्यांनी मसाल्यावर ढकललं.

जेवणानंतर भाच्याने बाहेर, खोल पाण्यात जाऊया म्हणून धोशा लावला. तिकडे सुरमई मिळते असं त्याने पाहिलं होतं. काकांनी वायव्येकडे बोट दाखवलं. लाटांच्या शेंड्यांवर फेस दिसायला लागला होता. "जायला जाऊ. येताना तोंडावर वारा घ्यायला लागंल, तीन घंटे. तुझं पोट राहील?" नाही म्हणायचं आणि कारण सांगायचं, यात त्यांचं भाड्याचं काही वाढणार नव्हतं; बाहेर गेले असते तर आम्ही जादा डिझेल दिलंच असतं.

त्याऐवजी बोट किनाऱ्याकडे, आवास-सासवण्याच्या समोर आणली. भरती चढायला लागली होती. इथे तळ वाळूचा, शिसं हलकं, कोळंबी तरंगती ठेवायची. बराच वेळ काही नाही. मग माझ्या दोरीला दोन बारीक टोचण्या आणि एकदम तिरकी धाव. रावस खाली जात नाही, आडवा पळतो, वळतो, पाण्याच्या वर येऊन डोकं झटकतो. जाळीत आला तेव्हा कल्ल्यांखालचे दोऱ्यांसारखे तंतू चमकत होते. दोन किलोच्या आसपास. मी "नेऊ" म्हणाले, भावजींनी आकाशाकडे पाहून हात जोडले. पाठोपाठ त्यांनाही दोन लागले, लहान पण नियमात बसणारे.

आणि मग अचानक सगळं बंद. काकांनी दोर गुंडाळायला सांगितले, आम्हाला कळेना का. मिनिटभरात बोटीपासून थोड्या अंतरावर करड्या पाठी वर आल्या, श्वास सोडल्याचा फुस्स आवाज, परत खाली. डॉल्फिन. पाच-सहा तरी असतील. भाच्याला त्याचा व्हिडिओ मिळाला. रावसांचा थवा मांडव्यापलीकडे गेला असेल.

अंधार पडायच्या आत धक्क्याला लागलो. धुतलेली बोट, मोजलेला बर्फ. ढोम्यांतले निम्मे खलाशाच्या वाट्याला, हे आधीच ठरलेलं. मासा पोट साफ करून, बर्फाच्या थरात, वितळलेलं पाणी खाली निघेल अशा पेटीत ठेवा. वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेला रावस दुसऱ्या दिवशी पांचट लागतो.

रविवार : मनोरीची खाडी

रात्री कोस्टल रोडने वर येऊन मार्वेला गाडी ठेवली, फेरीने मनोरीला उतरलो. तिथल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे मुक्काम. बाटली मसाल्यातलं (त्यांचा घरगुती मसाला) कालवण आणि गरम फुगे, म्हणजे तळलेले फुगीर पाव. त्यांचं मराठी कानाला आधी अनोळखी वाटतं, मग सुटसुटीत होत जातं. घरातले अंकल स्वतः छोट्या फायबरच्या होडीतून खाडीत नेतात.

नवमी, म्हणजे भरती पावणेसातच्या सुमाराला. पाणी उतरायला लागल्यावर निघालो. समुद्र आणि खाडी यांत हवं असलेलं सगळंच वेगळं. इथे मोठी बोट निरुपयोगी, इंजिनाचा आवाज निरुपयोगी. अंकल वल्ह्याने होडी तिवरांच्या कडेने सरकवत होते, पलीकडे गोराईच्या विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट चमकत होता. पाणी उतरताना तिवरांतल्या लहान ओहोळांतून कोळंबी आणि बोयटांची पिल्लं खाडीत येतात, त्या तोंडाशी जिताडा दबा धरून बसतो. गळ त्या तोंडावर, हातभर इकडेतिकडे नको. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, टणाटण उड्या मारत होत्या. मच्छर मात्र भरपूर. ओडोमॉस विसरू नका, पण ते लावलेल्या हातांनी आमिष धरू नका.

भावजींनी सगळ्यात चांगली जागा पकडली. सर मागे बसले होते, निवांत, दोर ढिला.

जिताडा सरांच्याच गळाला लागला. आधी पाण्यात खड्डा पडल्यासारखा आवाज, मग तो अख्खा बाहेर आला, तोंड उघडून डोकं झटकत, आणि खाली. सरांनी घाई केली नाही. तिवरांच्या मुळांकडे जाऊ दिला नाही, दोर कधीच ढिला पडू दिला नाही, कारण काटा दाबलेला. होडीच्या कडेला आला तेव्हा भावजींच्या तोंडून फक्त "आयला" एवढंच निघालं. पाच किलोच्या खाली नव्हता. पेण-अलिबागकडे असा जिताडा पाहुण्याला घालतात तो मान म्हणून.

सरांनी हात ओले केले. मासा पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ काढला. "मोठा जिताडा म्हणजे मादी," ते म्हणाले, जणू पाचवीच्या वर्गात. "हे लहानपणी नर असतात, वाढले की मादी होतात. हिच्या पोटी लाखो अंडी." खालून एका हाताने पोट, दुसऱ्याने शेपटीचं मूळ धरून त्यांनी तिचं तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले उघडमीट करायला लागले. भावजी नियमाला बांधलेले, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. शेपटीचा एक फटका, सरांच्या चष्म्यावर चिखलाचं पाणी, आणि गेली.

अंकल हसून हसून वल्हं सोडून बसले. भाच्याने सगळं टिपलं होतं.

पाणी फार उतरलं की होडी चिखलात बसते, म्हणून अकराच्या आत वळलो. भावजींना शेवटी एक किलोभराची तांबोशी मिळाली. ती मात्र तिवरांच्या मुळांतून ओढून काढली, हे कबूल करायला हवं, आणि ड्रॅग कसा घट्ट ठेवायचा ते भाच्याला दाखवत काढली.

रात्री सांगलीत पोचून पेटी उघडली. रावस चार घरांत वाटला गेला, तांबोशीचं कालवण झालं. सरांनी भाच्याकडून व्हिडिओ मागून घेतला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला. पुढच्या अष्टमीला अंकलची होडी मोकळी आहे का ते विचार म्हणाले. "आणि हे बघ, सरांना एवढ्यात कळवू नकोस."